ॲनिमेशन मालिकेसाठी सणाचा भाग लिहिताना: कामाचा क्रम, मोजमापं आणि नेहमीच्या चुका

सणाच्या भागांच्या बहुतेक पटकथा एकाच ठिकाणी फसतात. नेहमीचीच गोष्ट घेतलेली असते, मागे कंदील टांगलेला असतो, कोणीतरी लाडू पळवतं आणि शेवटी सगळे मिळून शुभेच्छा देतात. कंदील काढून फुगे लावले तर तोच भाग वाढदिवसालाही चालेल. हे टाळायचं तर काम कोणत्या क्रमाने करायचं, ते इथे दिलं आहे. मोजमापं लहान मुलांच्या टूडी मालिकेतल्या ११ मिनिटांच्या भागाची आहेत. अर्ध्या तासाच्या वेळेत असे दोन भाग बसतात.

उदाहरण शेवटपर्यंत एकच ठेवलं आहे. चिनू हा आठ वर्षांचा, कशाचीही वाट न पाहणारा मुलगा. ओवी त्याची धाकटी बहीण. घरात आजी, सण दिवाळीचा आणि अंगणात मातीचा किल्ला.

लिहायला बसण्याआधी हाताशी काय हवं

- मालिकेचं बायबल, म्हणजे पात्रांचे स्वभाव, नाती आणि त्या जगाचे नियम लिहिलेलं टिपण.
- आधीच तयार असलेल्या बॅकग्राउंडची, प्रॉपची (पात्रं हाताळतात त्या वस्तूंची) आणि प्रत्येक पात्राच्या कपड्यांची यादी. ही निर्मिती विभागाकडून मागून घ्या, आठवणीवर विसंबू नका.
- पुढच्या तीन वर्षांचं पंचांग.
- मागच्या वर्षी त्याच सणात काढलेले फोटो आणि ध्वनिमुद्रणं. पटकथा फेब्रुवारीत लिहिली जाते. तेव्हा बाजारात पणत्या नसतात आणि मातीचे मावळेही नसतात.

फोटो जेवणाच्या ताटाचे कमी आणि कामाचे जास्त हवेत: कंदिलाच्या कामट्या बांधणारे हात, चकलीच्या सोऱ्यावरची पकड, किल्ल्याच्या मातीखाली घातलेली पोती आणि विटा. ॲनिमेटरला हालचाल काढायची असते, त्यामुळे आठ-दहा सेकंदांचा व्हिडिओ त्याला फोटोपेक्षा जास्त उपयोगी पडतो.

टप्पा १: तिथी पाहा आणि उलटी मोजणी करा

आपले बहुतेक सण इंग्रजी तारखेला बांधलेले नाहीत. २०२५ मध्ये गणेश चतुर्थी २७ ऑगस्टला होती, २०२६ मध्ये ती १४ सप्टेंबरला आहे, कारण २०२६ मध्ये ज्येष्ठ हा अधिक महिना आहे. गेल्या वर्षीच्या वेळापत्रकात फक्त साल बदललं की अशा वर्षी अडीच आठवड्यांचा फरक पडतो. उलट दिशेने सण अलीकडे सरकला, तर भाग वेळेवर पोहोचतच नाही.

प्रक्षेपणाच्या तारखेपासून मागे मोजा. एका भागाला साधारण एवढा वेळ धरा:

- वाहिनीची तपासणी, डबिंग आणि जाहिरातीचे तुकडे: ४ आठवडे
- कॉम्पोझिटिंग (चित्राचे सुटे थर एकत्र जोडणं), पार्श्वसंगीत, ध्वनिमिश्रण: ४ आठवडे
- ॲनिमेशन: ८ आठवडे
- स्टोरीबोर्ड (प्रसंगांची कच्ची चित्रं) आणि ॲनिमॅटिक (तीच चित्रं आवाजासह वेळेत बसवलेली): ६ आठवडे (नव्या डिझाइन याच काळात समांतर)
- कल्पनेपासून पक्क्या पटकथेपर्यंत: ६ आठवडे
- अडचणींसाठी राखीव: ४ आठवडे

एकूण ३२ आठवडे होतात. २०२६ चं लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला आहे. दिवाळी सुरू होण्याच्या आठवडाभर आधी भाग दाखवायचा असेल, तर कल्पना मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात मांडायला हवी. फेब्रुवारीत सुरुवात केली तर जिवाला घोर राहत नाही.

*तपासा:* वाहिनीला भाग नेमका केव्हा दाखवायचा आहे, हे लेखी घ्या. ‘द सिम्पसन्स’ या अमेरिकन कार्टून मालिकेचा हॅलोविनचा (३१ ऑक्टोबरच्या भुताखेतांच्या सणाचा) भाग दरवर्षी येतो, पण २००० पासून काही वर्षं तो नोव्हेंबरमध्ये, हॅलोविन उलटून गेल्यावर दाखवला गेला, कारण ऑक्टोबरमध्ये त्याच वाहिनीवर बेसबॉलचे सामने असत. आपल्याकडे ही जागा क्रिकेट घेतं.

टप्पा २: सणातली कामं लिहून काढा

सणाची माहिती गोळा करू नका, कामं गोळा करा. किमान पंचवीस कामांची यादी करा आणि प्रत्येकापुढे चार गोष्टी लिहा: ते कोण करतं, कशाने करतं, किती वेळ लागतो आणि कुठे बिघडतं. गोष्ट बहुतेक वेळा चौथ्या रकान्यात सापडते.

दिवाळीच्या यादीतल्या काही ओळी:

- चकली: भाजणीत मोहन जास्त झालं तर तेलात विरघळते, कमी पडलं तर कडक होते.
- करंजी: कड नीट दाबली नाही तर तळताना उघडते आणि सारण तेलभर पसरतं.
- अभ्यंगस्नान: नरकचतुर्दशीला सूर्योदयाआधी उठायचं, उटणं लावायचं, स्नानानंतर पायाखाली कारीट फोडायचं.
- आकाशकंदील: कामट्यांचे त्रिकोण एकसारखे झाले नाहीत तर चांदणी एका अंगाला झुकते.
- किल्ला: माती फार पातळ झाली तर बुरूज बसतो. मोहरी किंवा हळीव पेरून हिरवळ करतात आणि ती दिसायला चार-पाच दिवस लागतात.

शेवटच्या ओळीत वेळेची मुदत आहे, मुलाचा हात आहे, आणि मोठ्यांनी मध्ये पडूनही घाई करता येत नाही. चिनूची गोष्ट तिथून निघते.

*चूक:* यादीत फक्त खाणं, कपडे आणि दिवे येतात. ही सजावट झाली. सजावटीत कोणाला काही करावं लागत नाही, म्हणून तिथे प्रसंग घडत नाहीत.

टप्पा ३: या भागात सणाचं काम काय, ते ठरवा

इथे सर्वांत जास्त वेळ द्या. कार्टून मालिकांमध्ये सण ढोबळमानाने चार तऱ्हांनी कामाला येतो. चारही एका भागात कोंबू नका. एक मुख्य धरा आणि फार तर दुसरी सोबतीला ठेवा.

*मुदत.* दिवस ठरलेला आहे आणि तो पुढे ढकलता येत नाही. दीड दिवसाचा गणपती उद्या जाणार म्हणजे जाणारच. ही सर्वांत सोपी आणि सर्वांत जास्त वापरून झिजलेली तऱ्हा आहे. ती घ्यायची तर मुदत खलनायकाने घातलेली नसावी, सणानेच घातलेली असावी.

*जमाव.* एरवी एकत्र न येणारी माणसं एका छपराखाली येतात आणि निघून जाऊ शकत नाहीत. ‘रगरॅट्स’ या अमेरिकन मालिकेने १९९५ मध्ये ज्यू लोकांच्या पासओव्हर सणाचा भाग केला. त्यात आजोबांसह मुलं माळ्यावर अडकतात. दार उघडेपर्यंत आजोबा सणामागची जुनी कथा सांगतात आणि मुलं स्वतःला त्या कथेत पाहतात. सणाची माहिती इथे वेळ काढायचं साधन होऊन येते, म्हणून ती भाषणासारखी वाटत नाही. बंद दार नसतं तर तीच कथा कंटाळवाणी झाली असती.

*सूट.* सणापुरते मालिकेचे नियम बदलतात. ‘द सिम्पसन्स’चे १९९० पासूनचे हॅलोविनचे भाग तीन छोट्या भयकथांचे असतात. त्यांत पात्रं मरतात, राक्षस होतात, आणि पुढच्या आठवड्यात त्याचा मागमूस नसतो. आपल्याकडे होळी आणि शिमग्याच्या सोंगांना ही सूट लोकपरंपरेनेच दिलेली आहे. कोकणातल्या शिमग्यावर असा भाग लिहायला भरपूर जागा आहे.

*वाट पाहणं.* सणाकडून काहीतरी अपेक्षा असते आणि ती वेळेवर, किंवा कधीच, पुरी होत नाही. १९६६ च्या चार्ली ब्राउनच्या हॅलोविन भागात त्याचा मित्र लायनस भोपळ्याच्या मळ्यात रात्रभर ‘महान भोपळ्या’ची वाट पाहतो; तो त्या रात्री प्रकट होतो अशी लायनसची श्रद्धा आहे. भोपळा येत नाही. मुलांच्या कार्यक्रमात निराशा दाखवायला लेखक घाबरतात, पण सणाच्या आदल्या रात्रीची ओढ आणि नंतरचा विरस हा प्रत्येक मुलाचा खरा अनुभव आहे. तो जपून वापरला तर भाग कायमचा लक्षात राहतो.

चिनूसाठी ‘वाट पाहणं’ मुख्य आणि ‘मुदत’ सोबतीला.

*तपासा:* कागदावरून सणाचं नाव खोडा. गोष्ट तरीही चालत असेल तर ती सणाची नाही. टप्पा २ कडे परत जा.

टप्पा ४: सणाची मागणी आणि पात्राचा स्वभाव समोरासमोर आणा

एका वाक्याचा साचा असा: अमुक पात्राला अमुक हवं आहे, सण त्याच्याकडून नेमकं उलट मागतो, म्हणून ते अमुक करतं आणि त्यामुळेच काम बिघडतं.

चिनूचं वाक्य: चिनूला किल्ला लगेच हिरवा हवा आहे, मोहरीला पाच दिवस लागतात, म्हणून तो रोज माती उकरून कोंब आला का ते पाहतो आणि त्यामुळेच कोंब मरतात.

बिघाड पात्राच्या स्वभावातून आला पाहिजे. शेजारच्या वाड्यातल्या मुलांनी रात्री येऊन किल्ला तुडवला, असं केलं तर चिनूला बदलायची गरजच उरत नाही. किल्ल्यांच्या स्पर्धेचाही मोह टाळा. स्पर्धा आली की परीक्षक येतात, निकाल येतो, आणि प्रेक्षकाचं लक्ष मातीवरून ट्रॉफीकडे जातं.

टप्पा ५: मिनिटांचा आराखडा

११ मिनिटांना साधारण १५ ते १६ पानांची पटकथा पुरते. हालचालीचे प्रसंग जास्त असतील तर वर्णन वाढतं, पण संवाद कमी होतात.

1. ०:०० ते १:००: किल्ला अर्धा झालेला. माती, पोती, विटा, भांडण. चिनू मोहरी पेरतो आणि पुढच्याच क्षणी विचारतो, “उगवली?” सण कोणता ते अजून कोणीही सांगत नाही.
2. १:०० ते २:३०: आजी सांगते की पाच दिवस लागतील. ओवी उरलेली मोहरी ओंजळीत घेऊन अंगणभर फिरते आणि किल्ल्यामागे, मोरीच्या तोंडाशी सांडते. हे हळूच दाखवायचं. शेवट इथे पेरला जातो.
3. २:३० ते ६:००: दिवस जातात. चिनूच्या युक्त्या वाढतात: जास्त पाणी, उबेसाठी पांघरूण, टॉर्चचा उजेड. प्रत्येक वेळी शेवटी तो उकरून पाहतोच.
4. ६:०० ते ८:००: नरकचतुर्दशीची पहाट. सगळ्यांच्या आधी उठून चिनू अंगणात धावतो. किल्ला उघडाबोडका. वाळलेले पांढरे कोंब वर आलेले, तुटलेले. इथे संगीत थांबवा. लांबून फटाक्यांचा आवाज येऊ द्या.
5. ८:०० ते १०:००: अभ्यंगस्नानाच्या ओल्या डोक्याने बसलेला चिनू. स्नानाचं पाणी मोरीतून किल्ल्यामागे जातं. ओवी त्याला हात धरून मागे नेते. तिथे हिरवं रान उठलंय.
6. १०:०० ते ११:००: मावळे आणि महाराजांचं सिंहासन दोघं मिळून मागच्या बाजूला हलवतात. किल्ल्याचा दरवाजा आता मोरीकडे आहे.

दिवस बदलल्याचं सांगायला पाटी लावू नका. वसुबारसेची गाय-वासराची रांगोळी, धनत्रयोदशीचा दिवा, नरकचतुर्दशीचं उटणं: सणाचे दिवसच कॅलेंडरचं काम करतात. क्रम मात्र चुकवू नका. वसुबारस, धनत्रयोदशी, नरकचतुर्दशी, लक्ष्मीपूजन, पाडवा, भाऊबीज. एखाद्या वर्षी दोन तिथी एकाच दिवशी येतात, म्हणून साल किंवा तारीख दाखवणंही टाळा.

टप्पा ६: माहिती दोन वाक्यांत संपवा

“आजी, दिवाळी का साजरी करतात गं?” हे वाक्य पटकथेत असेल तर ते काढा. ते पात्राचं नसून लेखकाचं असतं. चिनूने आठ दिवाळ्या पाहिल्यात. तो विचारेल ते असं: “आजी, तू लहान असताना पण मोहरीला पाच दिवस लागायचे का गं?”

माहितीत चूक होण्याचा धोकाही इथेच असतो. उत्तरेत दिवाळीचा संबंध रामाच्या अयोध्येला परतण्याशी जोडतात. महाराष्ट्रात पहाटेचं स्नान नरकासुराच्या वधाशी आणि पाडवा बळीराजाशी जोडलेला आहे. गोव्यात नरकासुराचे भव्य पुतळे रात्रभर मिरवून पहाटे जाळतात. ‘दिवाळी म्हणजे अमुक’ असं कोणतंही वाक्य कुठल्या तरी प्रेक्षकासाठी चुकीचं ठरतं. एका घरात काय करतात ते दाखवा, कारण सांगायची गरज बहुधा पडतच नाही.

नवखं पात्र आणून त्याला समजावणं ही युक्ती चालते, पण एका अटीवर: त्या पात्राला स्वतःचंही काही हवं असलं पाहिजे. नुसते प्रश्न विचारणारा पाहुणा दुसऱ्या मिनिटाला जड होतो.

टप्पा ७: खर्चाची मोजणी

सणाचा भाग महाग पडतो, आणि ते लेखकाच्या लक्षात ॲनिमॅटिकपर्यंत येत नाही. पटकथा पाठवण्याआधी स्वतः मोजा:

- नवे कपडे. प्रत्येक नव्या पोशाखाला नवी मॉडेल शीट (पात्र सगळ्या बाजूंनी दाखवणारं नमुना-चित्र) लागते. ओलं डोकं, पंचा, उटणं लावलेले हात हेही नवे पोशाखच धरले जातात. चिनूच्या भागात दोन मुलांचे दोन-दोन पोशाख, आजीचा एक. बाकीच्यांना रोजच्या कपड्यांत ठेवलं.
- रात्र. पणती, कंदील, फुलबाजी हे सगळे प्रकाशाचे उगम आहेत आणि प्रत्येकाचा उजेड चेहऱ्यावर वेगळा पडतो. रात्रीचे प्रसंग दोनपेक्षा जास्त ठेवू नका.
- गर्दी. विसर्जनाची मिरवणूक एका ओळीत लिहून होते आणि काढायला आठवडे जातात. ढोल-ताशा खिडकीबाहेर ऐकू येऊ द्या, भिंतीवर सावल्या सरकू द्या, झेंड्याची टोकं दिसू द्या.
- रंग. होळीच्या भागात प्रत्येक पात्राच्या रंगलेल्या चेहऱ्याच्या तीनच अवस्था ठरवा: कोरा, अर्धा, पूर्ण. मधली प्रत्येक पायरी म्हणजे नवी रंगशीट आणि सलगतेची नवी चूक.

*तपासा:* नव्या बॅकग्राउंड तीनपर्यंत बसतात का? चिनूला अंगण, किल्ल्याची मागची बाजू आणि न्हाणीघर एवढंच लागतं. किल्ला मात्र चार अवस्थांत काढावा लागेल. ते आधीच कळवा.

टप्पा ८: मुलं काय उचलतील

मुलं पडद्यावरचं हुबेहूब करून पाहतात. फटाका पेटवणारा हात मोठ्या माणसाचा असू द्या, जवळ पाण्याची बादली दिसू द्या, सुती कपडे काढा. संक्रांतीच्या पतंगात नायलॉनचा मांजा दाखवू नका. राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये त्यावर देशभर बंदी घातली, आणि त्याने पक्षी आणि माणसंही जखमी होतात.

श्रद्धेच्या वस्तूंवर विनोद बेतू नका. मोदक पळवणारा मामा चालेल, मूर्ती हातातून निसटण्याचा प्रसंग चालणार नाही. किल्ल्यावरच्या महाराजांच्या मूर्तीलाही हेच लागू आहे. ती कोसळत नाही, चिखलात पडत नाही, आणि हलवताना दोन्ही हातांनी उचलली जाते. स्टोरीबोर्ड करणाऱ्याला हे कंसात स्पष्ट लिहून द्या, गृहीत धरू नका.

आरत्या आणि ओव्या जुन्या असल्या तरी त्यांची प्रसिद्ध ध्वनिमुद्रणं आणि काही चाली कोणाच्या तरी मालकीच्या असतात. पटकथेत ‘घरातल्या आवाजात, वाद्यांशिवाय’ अशी सूचना द्या आणि मुलांच्या आवाजात नव्याने गाऊन घ्या.

टप्पा ९: डबिंगचा विचार पटकथेतच

भाग हिंदी, तमीळ, तेलुगूत जाणार असेल तर तीन गोष्टी पाळा. रांगोळीत किंवा फलकावर गोष्टीला आवश्यक असा मजकूर ठेवू नका. कळसाचा क्षण शब्दखेळावर उभा करू नका. ‘तीळगूळ घ्या, गोड गोड बोला’ हे प्रेमाने म्हणायला हरकत नाही, पण त्याच्या यमकावर गोष्ट सुटत असेल तर दुसऱ्या भाषेत ती सुटणार नाही. आणि कारीट, उटणं, किल्ला यांसारख्या शब्दांची अर्थासह यादी भाषांतरकाराला द्या, नाहीतर किल्ल्याऐवजी वाळूचं घर ऐकू येतं.

टप्पा १०: सणानंतर काय उरतं, ते बायबलमध्ये नोंदवा

सणाच्या भागात मालिकेचं जग कायमचं बदलू शकतं. ‘द सिम्पसन्स’चा १७ डिसेंबर १९८९ ला दाखवलेला पहिला भाग नाताळचा होता. मालिकेची सुरुवात खरं तर वेगळ्याच भागाने व्हायची होती, पण त्याचं ॲनिमेशन बरंचसं पुन्हा करावं लागलं. त्या नाताळच्या रात्री घरात आलेला कुत्रा पुढे घरातलाच झाला. असा बदल करायचा असेल तर निर्मात्याची परवानगी आधी घ्या.

वयाचा प्रश्न त्याहून किचकट आहे. जपानची ‘साझाए-सान’ १९६९ पासून चालू आहे. तिच्यात ऋतू आणि सण प्रत्यक्ष कॅलेंडरप्रमाणे येतात, पण कोणाचं वय वाढत नाही. हे साधायचं तर संवादात ‘गेल्या दिवाळीला’, ‘यंदा तिसरीत गेलास ना’ असली वाक्यं येऊ देऊ नका. ‘मागे एकदा’ म्हणा. भाऊबीजेच्या ओवाळणीत वयाचा आकडाही नको. चिनूच्या आठ दिवाळ्यांचा हिशेब बायबलमध्येच राहू द्या.

पाठवण्याआधी शेवटची फेरी

पटकथा घड्याळ लावून मोठ्याने वाचा. १० मिनिटं ३० सेकंदांच्या पुढे गेली तर संवाद कापा, शांत क्षण कापू नका. नरकचतुर्दशीच्या पहाटेची ती शांतता कापून वाचवलेले सहा सेकंद पुढे कुठेही परत मिळत नाहीत.

आपल्याकडे वाहिन्या भाग वर्षभर पुन्हा दाखवतात. दिवाळीचा भाग जूनच्या पावसातही लागेल. म्हणून प्रेक्षकाकडे पाहून दिलेली शुभेच्छा गोष्टीच्या आत ठेवू नका. ती १५ सेकंदांचा वेगळा तुकडा म्हणून ११ मिनिटांच्या बाहेर, शेवटच्या फ्रेमनंतर लिहा आणि पटकथेत त्यावर ‘काढता येईल’ अशी खूण करा. संपादकाला दोन प्रती लागतील, एक शुभेच्छांसह आणि एक त्यांच्याविना. दुसरी प्रत स्वतः पाहा. दरवाजा मोरीकडे वळलेला, हिरवळीत मावळे उभे, आणि चिनू मातीला हात न लावता नुसता बसलेला: भाग तिथे पुरा वाटत नसेल तर दुरुस्ती टप्पा ४ मध्ये आहे, शेवटच्या पानावर नाही.